मिसिसिपीचं पाणी उतरलंय : सेंट क्लाउड ते अनोका पट्ट्यात बास आणि पाइक कुठे, कशाने?

कयाक_मिनेसोटा

मंडळी, अमेरिकेत मिनेसोटा राज्यात सेंट क्लाउड ते अनोका या मिसिसिपी नदीच्या पट्ट्यात बास आणि पाइक या माशांसाठी गळ टाकणाऱ्यांकडून सल्ला हवाय.

ऑगस्ट सरत आला तरी पाऊस नाही. जूनमध्ये ज्या खडकांवरून कयाक बिनघोर जायची ते आता उघडे पडलेत. पाणी नितळ आहे, चार फुटांवरचा तळ स्पष्ट दिसतो. दुपारी पाण्याचं तापमान ७८ फॅरनहाइट, म्हणजे साधारण साडेपंचवीस सेल्सिअस.

सामान असं : सात फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, २५०० मापाचं रीळ, १५ पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे दोन फूट १२ पौंडी मोनोचा (एकपदरी नायलॉनचा) लीडर, म्हणजे आमिषाजवळचा दोरीचा तुकडा. आमिषांत ३/८ औंसाचे जिग (वजनदार डोक्याचे गळ), क्रँकबेट (ओढलं की डुबकी मारणारं माशासारखं आमिष), दोन-तीन स्पिनरबेट (फिरत्या चकत्यांचं आमिष).

अडचणी तीन. मोठ्या डोहांत खोलवर गळ टाकला की सकर (तळाशी चरणारा मासा) आणि वीतभर बास सोडून काही लागत नाही, मग मोठे स्मॉलमाउथ (बासची एक जात) गेले कुठे? दुसरं, मधेच पाइक येतो आणि लीडर कापून आमिष घेऊन जातो. स्टीलची वायर लावली तर बास फिरकत नाहीत. तिसरं, कयाक पन्नास फुटांवर आली की मासे पसार. जवळच्या तळ्यांबद्दल सांगितलंत तरी चालेल.

धारेचा_सांधा

पाणी आटलं की मासे डोहात जातात हे अर्धसत्य आहे. सकर, कार्प आणि लहान बास जातात. पोटासाठी हिंडणारा मोठा स्मॉलमाउथ ऑगस्टच्या उन्हात डोहाच्या तळाशी बसून राहत नाही. पाणी ७८ वर असताना त्याचं पचन जोरात चालू असतं, त्याला रोज भरपूर खायला लागतं. आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो : १५ सेल्सिअसला लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम, २५ ला सव्वाआठच्या आसपास. खाणं आणि प्राणवायू दोन्ही एकाच ठिकाणी मिळतात, ते म्हणजे खळाळ संपून डोह सुरू होतो तो तोंडाचा भाग.

तिथे नेमकं काय बघायचं? कंबरभर पाणी, चालतं पाणी आणि माणसाच्या बसक्या उंचीचा एखादा धोंडा. तिन्ही एकत्र असतील तर मासा असण्याची शक्यता दांडगी. पाणी भरपूर असताना अशा जागा शेकड्याने असतात. आता मैलभरात पाच-सहाच उरतात, त्यामुळे पाणी कमी असताना जागा हेरणं उलट सोपं होतं. वरून फेसाची रेघ वाहत येते ना, ती मुख्य धार. वाहून येणारे किडे आणि मासोळ्या त्याच रेघेत असतात. जलद धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतात त्या सांध्यावर, संथ बाजूला बास उभा असतो. धोंड्याच्या मागची जागा सगळेच झोडपतात. धोंड्याच्या पुढे, पाणी आपटून उशी तयार होते तिथेही तो असतो आणि बहुतेक वेळा मोठा तिथेच असतो.

डोहाचं शेपूट, म्हणजे पाणी पुन्हा उथळ व्हायला लागतं तो भाग, फक्त पहाटे आणि अंधार पडताना. उन्हात तिथे वेळ घालवू नका. दुपारी काठावरच्या झाडांची सावली थेट धारेवर पडत असेल तर ती जागा बघा. संथ पाण्यावरची सावली दिसायला छान, पण बहुधा रिकामी.

आता चाहुलीबद्दल. मासा धारेकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालून वर जा. कयाकने वरून वाहत येऊन गळ टाकणं म्हणजे आधी दवंडी पिटायची आणि मग दार वाजवायचं. कयाक जागेच्या बरीच खाली काठाला लावा, उतरा आणि पाण्यातून हळू वर चाला. संथ पाण्यात चालताना तुमच्या पायांच्या लाटा तुमच्या पुढे जातात. लाट दिसली की थांबा, पाणी निवळू द्या. खळाळातून चालाल तर आवाज आणि लाट दोन्ही झाकली जातात. सूर्य पाठीशी असेल तर सावली पुढे पडते, तेव्हा बाजू बदला. फेक २० ते २५ मीटरची, आमिष धोंड्याच्या वर दीड-दोन मीटर पडलं पाहिजे आणि वाहत त्याच्याजवळ आलं पाहिजे. डोक्यावर पडलं तर ती जागा अर्धा तास तरी सोडून द्या.

निघण्याआधी अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर नदीचं गेज (पातळीची आणि प्रवाहाची नोंद) बघा. प्रवाह घनफूट प्रति सेकंदात दिलेला असतो. नुसता आकडा बघून काही कळत नाही. त्या तारखेच्या अनेक वर्षांच्या मध्यकाशी तुलना करा आणि गेल्या चार दिवसांत रेघ चढतेय की उतरतेय ते बघा. वर कुठे वळीव पडून रेघ जराशी चढली आणि पाणी किंचित गढुळलं तर तो दिवस सोडू नका. नितळ पाण्यात बुजणारे मासे त्या दिवशी बेफिकीर होतात.

गाठ_पक्की

जागा वर सांगितल्याच आहेत. मी सामानावर येतो, कारण तुमची निम्मी अडचण तिथे आहे.

३/८ औंसाचा जिग या पाण्यासाठी फार जड. दोन-तीन फूट पाण्यात तो दगडासारखा बुडतो, दोन धोंड्यांच्या फटीत जातो आणि तिथेच राहतो. १/१६ आणि १/१० औंसाचे चपट्या डोक्याचे जिग घ्या, त्यावर पावणेतीन इंचाचा मऊ प्लास्टिकचा तुकडा. यालाच नेड रिग म्हणतात. रंग हिरवट तपकिरी, खेकडा वाटेल असा. वजन बरोबर आहे का ते हाताला कळतं : वाहताना दर दोन-तीन सेकंदांनी तळाला टिचकी लागली तर बरोबर. सतत घासत राहिलं तर हलकं घ्या. तळ लागलाच नाही तर एक पायरी जड. तोंडाच्या जलद भागात १/८ लागू शकतं, त्याहून जड मात्र नको. ओढू नका, रॉडचं टोक वर ठेवून ढिली दोरी गुंडाळत राहा. टिचकीऐवजी एकदम जड किंवा एकदम पोकळ वाटलं की मासा आहे.

लीडर दोन फुटांचा आहे म्हणजे ब्रेड माशाच्या नजरेसमोर आहे. नितळ पाण्यात ८ पौंडी फ्लुरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारी दोरी), आठ ते दहा फूट. ब्रेडही १० पौंडी घ्या, फेक लांब जाईल आणि वारा कमी धरेल. एवढा लांब लीडर रॉडच्या कड्यांतून रिळावर येतो, म्हणून सांधा बारीक हवा. एफजी गाठ येत असेल तर उत्तम, नसेल तर डबल युनी, ब्रेडचे आठ वेढे आणि फ्लुरोचे पाच. गाठ आवळण्याआधी ओली करा. कोरडी आवळली की फ्लुरो तापतो आणि नंतर नेमका मोठ्या माशाला तुटतो. प्रत्येक माशानंतर शेवटचा फूटभर भाग दोन बोटांत ओढून बघा. खरखरीत लागला की कापा आणि पुन्हा बांधा. खडकाळ नदीत लोक दोरी तुटली म्हणून दोरीला शिव्या देतात, चूक असते न तपासण्याची.

पाइकचा प्रश्न. २० पौंडी फ्लुरोने पाइक थांबतो असं बरेच जण म्हणतात. थांबत नाही, दात ओठाच्या कडेला लागले तर वाचतो एवढंच. खात्रीचा फ्लुरो हवा तर ६० ते ८० पौंडी, आणि तो नेड रिगला बांधणं हास्यास्पद. उपाय आमिषानुसार वेगळा करायचा. चालतं आमिष असेल, म्हणजे स्पिनरबेट, जर्कबेट (झटके देऊन चालवायचं माशासारखं आमिष) किंवा पाण्यावर तरंगत आवाज करणारं पॉपर, तर गाठ मारता येणारी बारीक विणलेली स्टीलची वायर, १५ ते २० पौंडी, सहा-आठ इंच, थेट आमिषाला. मधे क्लिप आणि स्विव्हल (फिरती कडी) नको, कारण बास वायरपेक्षा त्या चकचकीत लोखंडाला आणि वजनाला बिचकतो. हलतं आमिष बघायला त्याला क्षणभरच मिळतो, वायर चालून जाते. तळाच्या आमिषाला मात्र वायर नाही. तिथे ८ पौंडी फ्लुरोच ठेवा आणि पाणगवताच्या कडेला, संथ कोपऱ्यात ते टाकू नका. पाइक तिथेच टपलेला असतो. धारेत तो क्वचित येतो.

पहाटे पॉपर घ्या, सहा-सात सेंटिमीटरचं. पडल्यावर वर्तुळं विरेपर्यंत हात लावू नका. मग एक हलकी टिचकी, पुन्हा थांबा. उथळ पाण्यात सारखं टपटप वाजवलंत तर एखाद-दुसरा पिटुकला येईल, मोठा पळेल. मासा उसळला म्हणून लगेच झटका देऊ नका, रॉडला वजन जाणवेपर्यंत धीर धरा. मागचा तिकडी गळ काढून एकेरी लावा आणि गळाचे उलटे काटे चिमट्याने दाबून टाका.

कमळतळं

वरच्या दोघांनी बासचं सगळं सांगितलंय, पण एक गोष्ट राहतेय. या उन्हात बास आणि पाइक एकाच फेरीत करायचा विचार सोडा. उष्णतेला दोघे उलट वागतात. बास वाहत्या पाण्याकडे जातो, पाइक थंड पाण्याकडे. लहान पाइक गवतात दिवस काढतात, तेच तुमचे लीडर कापतायत. तीस इंचांपुढचा पाइक ७० फॅरनहाइटच्या वर अंग चोरतो आणि गारवा असेल तिथे जाऊन पडतो.

नदीत असा गारवा म्हणजे काठातून पाझरणारे झरे. ओळखायची खूण सोपी आहे : काठाच्या चिखलात भर उन्हाळ्यात हिरवागार वॉटरक्रेस (पाण्यात वाढणारी पालेभाजी) दिसला तर तिथे जमिनीतलं पाणी येतंय. थर्मामीटर दोरीला बांधून तळाशी दोन मिनिटं सोडा. मुख्य नदीपेक्षा तीन-चार अंश फॅरनहाइट कमी असेल तर पाइक तिथे असू शकतो. उपनदीच्या मुखाशी पाणी थंडच असणार असं धरून चालू नका. क्रो, एल्क, रम या उथळ आणि उन्हात तापणाऱ्या नद्या, बऱ्याचदा त्या मुख्य नदीपेक्षा गरम भरतात. मोजा, मग ठरवा. मॉन्टिसेलोजवळ अणुवीज केंद्राचं कोमट पाणी नदीत येतं. पाणी कमी असताना त्याच्या खालच्या बाजूला पाइकसाठी जाण्यात काही अर्थ नाही.

खरं सांगायचं तर जागा सापडली म्हणून टाकायलाच हवं असं नाही. पाणी ७५ च्या वर गेलं की मी पाइकवर गळ टाकू नका असंच म्हणेन. तो झुंजतो जीव तोडून, अंगात आम्ल साठतं, गरम पाण्यात प्राणवायू भरून निघत नाही. तुमच्या हातून तो छान पोहत जातो आणि मग तासाभराने कुठेतरी उलटा पडतो. तुम्हाला ते दिसत नाही एवढंच. मध्य सप्टेंबरनंतर पाणी साठीत उतरतं, तेव्हा हेच मासे उथळ गवताच्या कडेला येतात. तोवर थांबा.

बासच्या नादात अपघाताने लागलाच तर जवळ दहा-अकरा इंची लांब चिमटा, गळ कापता येईल अशी पक्कड आणि रबरी जाळं हवं. मासा जाळ्यात, जाळं पाण्यात, चिमट्याने गळ फिरवून काढा. खोल अडकला असेल तर गळ कापून टाका, ओढाताण नको. फोटो हवाच असेल तर श्वास रोखून धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात.

तळ्यांचं थोडक्यात. राज्याच्या निसर्गसंपदा खात्याच्या लेकफाइंडर या संकेतस्थळावर बहुतेक तळ्यांचे खोलीचे नकाशे आहेत. पाणी दोन फूट उतरलं असेल तर नकाशातल्या प्रत्येक रेघेच्या खोलीतून मनाने दोन फूट वजा करा. काठाची लव्हाळी कोरडी पडली की लार्जमाउथ बास तिथून उठून पाणगवताच्या बाहेरच्या कडेला किंवा चार फुटांहून जास्त पाणी उरलेल्या धक्क्यांखाली जातात. खोल तळ्यांत सिस्को हा थंड पाण्यातला मासा असेल तर मोठे पाइक त्याच्या मागे थंड थरात असतात. फिशफाइंडरवर (मासे आणि खोली दाखवणाऱ्या यंत्रावर) पाण्याच्या मध्यात पुसट आडवी रेघ दिसते, तिथे गरम आणि थंड पाण्याचे थर वेगळे होतात. सुपीक, हिरव्या तळ्यांत त्या रेघेखाली प्राणवायू जवळपास नसतो, त्यामुळे रेघेच्या वर टाका, खाली नाही.

आणि पहाट सगळीकडे चांगली असते हा समज तळ्यात फसतो. दाट गवत रात्रभर प्राणवायू खातं, म्हणून साचलेल्या गवताळ खाडीत पहाटेच तो सगळ्यात कमी असतो. तिथे संध्याकाळ धरा.

कयाक_मिनेसोटा

खूप आभार, यातलं बरंच माहीत नव्हतं. दोन उपप्रश्न. संथ गवताळ कोपऱ्यातले ते छोटे पाइक खाण्यासाठी ठेवता येतात का, आणि काट्यांचं काय करता? दुसरं, धारेत कयाक थांबवायला नांगर कुठला चांगला?

रवा_फ्राय

आधी नियम. २०१८ पासून मिनेसोटात पाइकसाठी तीन झोन आहेत. उत्तर-मध्य झोनमध्ये दहा मासे, २२ ते २६ इंचांमधले सगळे सोडायचे आणि २६ च्या वरचे फार तर दोन. दक्षिण झोनमध्ये दोन मासे, किमान २४ इंच. ईशान्येत दोन, ३० ते ४० इंचांमधले सोडायचे आणि ४० च्या वरचा एकच. तुम्ही उभे आहात तो काठ कुठल्या झोनमध्ये येतो हे नकाशावर बघा, अंदाजावर जाऊ नका. दक्षिणेत छोटा पाइक ठेवणं बेकायदा, उत्तर-मध्यात २२ च्या आतला ठेवणं तळ्याच्या भल्याचं. बासलाही तुमच्या पट्ट्यात वेगळा नियम आहे : १२ ते २० इंचांमधला स्मॉलमाउथ लगेच सोडायचा. पुस्तिका दरवर्षी नवी येते, चालू वर्षाची बघून जा.

ठेवलेला मासा लगेच मारा, कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फात घाला. दोरीला ओवून गरम पाण्यात लोंबकळत ठेवला की मांस पिठूळ होतं. मापाचा नियम असलेला मासा नदीवर कापू नका, डोकं-शेपटीसकट घरी न्या.

काटे : हिलशाची सवय असणाऱ्यांनाही पाइकचे इंग्रजी वाय अक्षरासारखे दुफाटे काटे वैताग देतात, पण ते ठरावीक ओळीत असतात. डोक्यामागे कण्यापर्यंत आडवा काप द्या, पाठीच्या मांसात पांढऱ्या ठिपक्यांची ओळ दिसेल. सुरी त्या ठिपक्यांवरून आडवी सरकवत पाठीच्या पराजवळ बाहेर काढा, ही पाठीची पट्टी बिनकाट्याची. मग दोन्ही कुशी : ठिपक्यांच्या बाहेरून सुरी काट्यांच्या बाकाने खाली, बरगड्यांवरून पोटापर्यंत. शेवटी शेपटीकडचे दोन तुकडे, तिथे हे काटे नसतातच. एकूण पाच तुकडे. अठरा इंचांच्या माशाला एवढा खटाटोप नको असेल तर फिलेला दर दोन-तीन मिलिमीटरवर सालीपर्यंत चिरा द्या, हळद, तिखट, मीठ, आगळ लावून अर्धा तास ठेवा, रव्यात घोळवून कडक तेलात तळा. बारीक काटे कुरकुरीत होऊन जातात. तव्यावर कमी तेलात हे जमत नाही, तिथे काटे तसेच राहतात. बुळबुळीत सालीला आधी मीठ चोळून धुवा, वास जातो.

मोठा पाइक खायला ठेवू नका, पारा वयाप्रमाणे साठत जातो. घरात गर्भवती किंवा लहान मुलं असतील तर राज्याच्या आरोग्य खात्याने त्या त्या पाण्याप्रमाणे दिलेलं प्रमाण बघूनच.

धारेचा_सांधा

नांगराबद्दल. काटेरी घडीचा नांगर खडकांत अडकतो आणि सुटत नाही. तीन-चार पौंडांची साखळी घ्या, सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये घालून दोन्ही टोकं बांधा. आवाज होत नाही, तळावर घासत वेग कमी होतो आणि अडकली तरी निसटते. दोरी कयाकच्या पुढच्या किंवा मागच्या टोकालाच. मधे बाजूला बांधली आणि धारेत आडवे झालात तर कयाक उलटते, मग पाणी कंबरभर असलं तरी उपयोग नाही. दोरी कापायला सुरी हाताशी, अंगात लाइफ जॅकेट. जोरदार धारेत नांगर टाकूच नका, उतरून चाला. खडकांवर शेवाळ असतं, साध्या रबरी तळव्याचे बूट घसरतात, खिळ्यांचे घ्या. सेंट क्लाउड आणि कून रॅपिड्सच्या धरणांच्या लगत खाली पाण्यात उतरू नका.

वायरबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. स्पिनरबेटला वायर ठीक, पण इतक्या नितळ पाण्यात पॉपरला मी लावणार नाही, पुढचं तोंड बुडतं आणि आवाज बिघडतो.

गाठ_पक्की

पॉपरचं मान्य, हलक्या पॉपरला बुडतं. सहा इंचांऐवजी चार इंच आणि सगळ्यात बारीक वायर घेतली तर तरंगतं. घरी बादलीत टाकून बघा, तोंड पाण्याच्या वर राहत नसेल तर ते पॉपर त्या वायरसाठी नाही.

कमळतळं

एक राहिलं. तळ्यावरून नदीवर जाणार असाल तर कयाकमधलं पाणी उपसून, गवताचा तुकडा न् तुकडा काढून निघा. जिवंत मासोळ्यांच्या बादलीतलं तळ्याचं पाणी तिथेच ओता आणि घरून आणलेलं पाणी भरा. उरलेल्या मासोळ्या पाण्यात सोडायच्या नाहीत, कचऱ्यात. रस्त्यात तपासणी होते आणि दंड बसतो. तळ्यावर हिरव्या रंगाची साय दिसली तर तिथे पाण्यात पाय घालू नका, सोबत कुत्रा असेल तर त्याला गाडीतून उतरवूच नका.